डोलीतला दगड

माझं माहेर जैनाबादचं. मधे तापी आणि पलीकडे बऱ्हाणपूर. उन्हं कलली की पलीकडच्या काठाने एक फटफटी जायची. दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. मी तेव्हा केळीच्या बागेत पाणी धरत असायची. आवाज आला की हातातलं फावडं थांबायचं, पाणी आळं फोडून भलतीकडे जायचं आणि बाप ओरडायचा. त्या आवाजात तुला काय सापडतं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी 'काही नाही' म्हटलं असतं. आता सांगते. आमच्याकडे बैल हाकलले की चालायचे, पाणी सोडलं की चालायचं आणि बायका सांगितलं की चालायच्या. तो आवाज मात्र आपल्या मर्जीने कुठेतरी निघालेला असायचा. मला त्याचा हेवा वाटायचा.

एका कार्तिकात तो बंद पडला. पलीकडून बातमी आली की शालिग्राम नावाच्या फटफटीवाल्याची गाडी उलटली आणि त्याची बायको मथुरा जागच्या जागी गेली. होळीपर्यंत काठ गप्प होता. मग आवाज परत आला, पण जड, ओझं घेऊन चाललेल्या माणसासारखा. आणि त्याच उन्हाळ्यात त्या शालिग्रामची मला मागणी आली.

बिजवर म्हणून आई रडली. मी नाही रडले. समजूतदार पोरगी म्हणून नातेवाइकांनी माझं कौतुक केलं. समजूत कसली डोंबलाची, मला फटफटी जवळून बघायची होती. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या साली मी नाव ओलांडून बऱ्हाणपूरला आले.

माझे यजमान सरकी काढायच्या एका जिनासाठी गावोगाव फिरून कापूस पारखायचे. मोठ्या लढाईनंतर महूच्या छावणीत लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही बीएसए कंपनीची फटफटी घेतलेली. तिच्या डाव्या अंगाला वेताची साइडकार जोडलेली होती, एक चाक आणि एका माणसापुरती बैठक. मथुराबाई लग्न होऊन तिच्यातच बसून सासरी आली, म्हणून गावाने तिचं नाव डोली ठेवलं होतं.

मी उंबऱ्यावरचं माप लवंडण्याआधी सासूबाईंनी, म्हणजे धुरपदाबाईंनी, माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. त्यावर एक बाईचा मुखवटा उमटवलेला. दुसरेपणाची बायको आली की पहिलीचा कोप होऊ नये म्हणून तिचा असा टाक करून नवीला घालतात. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. गोडाधोडाचा पहिला घास तिचा. सवत मेली तरी घरातली थोरली तीच. हे बघतच मी मोठी झाले होते, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. पण आमच्या घरात टाकाशिवाय आणखी एक मथुराबाई होती. ती डोलीत बसलेली होती.

काळा, उभट दगड होता तो. डोलीच्या बैठकीवर सुंभाच्या दोरांनी करकचून बांधलेला, हिरव्या पातळात गुंडाळलेला आणि कुंकवाने माखलेला. रिकामी साइडकार डावीकडे वळताना उचलली जाते, म्हणून तिच्यात वजन ठेवतात, हे गाडीवाल्या कुणालाही ठाऊक असतं. पण गल्लीत गाडीवाले होते कुठे? फटफटी पुन्हा चालू करताना यजमानांनी दगड आणून बांधला, कुणाला काही न सांगता. एका सकाळी त्याला कुंकू लागलं. मग शेजारणींनी हळद वाहिली. मग फोपनार गावच्या बायका रस्त्यात फटफटी थांबवून दगडाची ओटी भरू लागल्या. सवाष्ण गेलेली मथुराबाई नवऱ्यासोबत फिरते, असं पंचक्रोशीत पक्कं झालं.

म्हणजे माझी नवी साडी आधी टाकाला, मग दगडाला आणि उरलीच तर मला. सासूबाईंपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून मी दगडाला मनातल्या मनात टोमणे मारायची. दिवेलागणीला मात्र टोमणे सुचायचे नाहीत. त्या वेळी अंगणात उभी असलेली डोली कुरकुरायची, आतून कुणी कूस बदलावी तशी. दिवसभर तापलेला वेत गार होताना वाजतो हे मला कळत होतं. तरी तिच्या बाजूने जाताना मी 'येते हं बाई' म्हणायची आणि पाय उचलायची.

नवरा वाईट नव्हता. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ताट वाढलं की जेवायचे, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे आणि माझं नाव कधी घ्यायचे नाहीत. संध्याकाळी फटफटी काढून निघायचे आणि अंधार पडायच्या सुमाराला परत यायचे. कुठे जाता, असं मी एकदा विचारलं. "जरा फिरून येतो," म्हणाले. पण फिरून आलेला माणूस असा दमलेला, उतरल्या चेहऱ्याचा दिसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. तेव्हा लेकी माहेरी जातात. मला नदीच्या घाटापर्यंत पोचवायला सासूबाईंनी त्यांना सांगितलं. डोलीत तर थोरली बसलेली. मग मागच्या लोखंडी कॅरिअरवर गोणपाटाची घडी टाकून मी बसले. बाईमाणूस फटफटीवर, आणि तेही नवऱ्याच्या पाठीमागे! अख्खी गल्ली दारात आली. लाजेने मी पदर तोंडावर ओढला, तेवढ्यात गाडी सुटली आणि पदर गेला उडून.

पोटात खड्डा पडला. पुढच्या क्षणी तो खड्डाच मला आवडला. वारा तोंडात शिरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, खालचं इंजिन मांड्यांतून पार दातांपर्यंत थरथरत होतं. ओळखीची माणसं ओळखीची होईपर्यंत मागे पडत होती. माझ्याबद्दल जे काही बोलायचं ते त्यांनी बोलावं, ऐकायला मी तिथे थांबलेच नव्हते. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी कुणाच्या तावडीत नव्हते. हसू येत होतं आणि ते आवरायचं कारणही नव्हतं, कारण त्या आवाजात ऐकणार कोण?

घाट जवळ होता, पण ते जसोंडी गावाच्या वाटेने वळसा घेऊन निघाले. एका ठिकाणी कोरडा नाला आडवा येतो आणि वाट एकदम डावीकडे वळते. वळण दिसायला लागलं आणि ते बोलू लागले. मला वाटलं, माझ्याशीच. मी पुढे वाकून कान दिला.

"हळू घे," ते म्हणत होते. "पुढं डावं वळण आहे. घाबरू नको. मी बसेल आहे ना."

तोंड डोलीकडे नव्हतं, माझ्याकडे नव्हतं, समोर वाऱ्याकडे होतं. आणि आवाज असा मऊ, की तसा मी घरात कधी ऐकला नव्हता. गाडी चालवत तर ते स्वतः होते. मग हळू घे, मी बसलेलो आहे, असं सांगत होते कुणाला? वळण गेलं आणि ते गप्प झाले. घाटावर मला उतरवलं तेव्हा त्यांची पाठ घामाने भिजलेली होती.

माहेरी झोके, गाणी, सगळं झालं. पण माझं लक्ष लागेना. नवऱ्याच्या त्या मऊ आवाजाची भीती वाटत होती आणि त्याच गाडीवर पुन्हा बसायची हावही सुटली होती. परत आले आणि पहिल्याच दिवशी जेवणावर बोलून बसले, "मले शिकवा ना चालवणं."

त्यांच्या हातातला घास ताटात पडला. "तुले काय करायचं आहे शिकून?" एवढंच म्हणाले, ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर गेले. नंतर कितीतरी दिवस ते घरी नीट जेवले नाहीत.

सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. "पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढशीन तं बघ," म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. भ्यालेल्या होत्या, आणि ते मला जास्त खुपलं.

पण शिकायला काय, डोळे तर माझेच होते. सुट्टीच्या दिवशी ते फटफटी खोलून बसायचे आणि पाने, चिंध्या, तेलाची कुपी मी पुढे करायची. टाकीच्या बाजूचा गिअरचा दांडा, डाव्या मुठीतला क्लच, पेट्रोल कमी-जास्त करायची कळ, सगळं माझ्या नजरेखालून गेलं होतं. मळ्यात मी बैलगाडी हाकली होती, नदीत नाव लोटली होती. हे त्याच्याच पुढचं काम, असं मी स्वतःला समजावलं.

दिवाळीआधी जिनाच्या कामाला ते आगगाडीने खांडव्याला गेले. दुसऱ्याच दुपारी मी पदर खोचला आणि फटफटी घरामागच्या मोकळ्या आवारात ढकलत नेली. डोलीतल्या दगडापुढे हात जोडले. "बाई, तुमच्या जागेला मी हात लावत नाही," म्हटलं. "ही पुढची जागा तर कुणाची नाही ना?" पुष्कळ लाथा मारल्यावर इंजिन खोकलं आणि पेटलं.

ती चालली. मी चालवली म्हणून चालली. मागे बसून जे वाटलं होतं ते याच्यापुढे काहीच नव्हतं. कळ जरा हलवली की सगळं धूड माझं ऐकत होतं. आयुष्यात एवढं ताबडतोब माझं कुणी ऐकलं नव्हतं. आवाराला फेऱ्या घालताना मला नदीपलीकडची ती फावडं धरून उभी राहिलेली पोरगी आठवली आणि भर दुपारी मी एकटी मोठ्याने हसले.

परत आले तर सासूबाई मागच्या पायरीवर बसलेल्या. चेहऱ्यात रक्त नव्हतं. मला वाटलं, आता शिव्यांचा भडिमार होणार.

"तिनं बी असाच पदर खोचला होता," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"मथुरेनं. आणखी कोणी?"

मी गाडी बंद केली. सगळ्या गावाला ठाऊक होतं की त्या दिवशी यजमान चालवत होते आणि मथुराबाई डोलीतून फेकली गेली. मी तसं म्हटलं, तर सासूबाई मान हलवत राहिल्या.

"ती काय डोलीत बसेल होती? ती गाडीवर होती. यानंच शिकवलं तिले, हौसेनं. गावाबाहेर गेलं की ती चालवे आन हा डोलीत बसे. पोरासारखा हसे व माय. मग कोणाच्या तरी नजरेस पडलं आन पानाच्या ठेल्यावरचे मेले बोलू लागले. बायको गाडीवान आन नवरा नवरी. शालिग्राम, घुंघट तं घे, असं. पहिले यानं ऐकलं नाही. मग एक दिवस सांगून देल्लं, आज मी नाही बसत, जायचं तं एकली जाय." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "ती बी हट्टी. गेली. जसोंडीच्या वळणावर रिकामी डोली वरती उचलली आन गाडी तिच्यासकट नाल्यात गेली. बाई एकली गाडी घेऊन गेल्ती हे कोणाले सांगावं? मीच म्हणलं, सांगू नका."

मी डोलीकडे बघितलं. एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती, ती आता तोंडातून निघाली. "आत्याबाई, मथुराबाईच्या चोळ्या माझ्या दंडात चढत नाही. एवढीशी होती ती. आन हा दगड दोन हमालांशिवाय हालत नाही. ती एवढी जड होती का?"

"तो मथुरा नाही," सासूबाई म्हणाल्या.

दगड त्याच नाल्यातला होता. यजमानांनी तो बैलगाडीत घालून जिनात नेला. कापूस तोलायच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात दगड ठेवला आणि दुसऱ्यात स्वतः बसले. दगड जड भरला. मग छिन्नी घेऊन तासला, पुन्हा बसले, पुन्हा तासला. दोन्ही पारडी समोरासमोर येईपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. जिनातली माणसं काम टाकून बघत उभी होती.

"लोकं म्हणू लागले, खुळावला," सासूबाई म्हणाल्या. "मग मीच कुंकू लावून देल्लं दगडाले. मेल्या बायकोले पुजणाऱ्याले लोकं हात जोडतात. स्वतःले दगडाशी तोलणाऱ्याले बांधून ठेवतात."

मला आधी हसू आलं. इतके महिने मी माझ्याच नवऱ्याला सवत समजून पातळ नेसवत होते, त्याच्यापुढे नारळ ठेवत होते. मग त्या वळणावरचं बोलणं मला उमगलं. ते दगडाशी बोलत नव्हते. डोलीत बसलेल्या स्वतःच्या तोंडून, गाडी चालवणाऱ्या मथुरेशी बोलत होते. हळू घे, मी बसेल आहे. रोज संध्याकाळी ते तिला त्या वळणावरून जिवंत पुढे न्यायला निघायचे आणि रोज वळण संपलं की गाडीवर ती नसायचीच. गाडीवर मथुरा आणि डोलीत शालिग्राम. मग माझ्या घरी माझ्या हातचं जेवून जाणारा तो माणूस कोण होता?

त्या दिवशी मला स्वच्छ दिसलं. एक तर हा माणूस त्या दगडातून बाहेर निघेल, नाहीतर मी जन्मभर दगडाची बायको म्हणून राहीन. मेलेल्या मथुराबाईची मला भीती राहिली नव्हती. भीती वाटत होती ती जिवंत माणसाची.

ते सकाळच्या गाडीने परत आले आणि अंघोळीला बसले. मी पहार घेऊन अंगणात गेले. सुंभाच्या गाठी सुटेनात. सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, अडवतील. त्यांनी पदराखालून विळा काढून माझ्या हातात दिला. दोर कापले, पहार दगडाखाली घातली आणि दोघींनी जोर लावला. दगड पातळासकट खाली आला तेव्हा अंगणाची जमीन हादरली.

यजमान ओल्या धोतराने धावत आले. मी गाडीवर बसले होते.

"जसोंडीपर्यंत जाऊन येते," मी म्हटलं.

"डोली रिकामी आहे," ते म्हणाले. ओठ पांढरे पडलेले.

"दिसते मले."

"तठी डावं वळण आहे."

"तेही ठाऊक आहे. तुम्ही बसा. नाही बसले तं रिकामी नेईन. दगड येणार नाही."

त्यांनी दगडाकडे बघितलं, मग दाराकडे. दारात शेजारपाजार जमलेला. "लोकं..." एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"लोकं, लोकं," सासूबाई ओरडल्या. "लोकांच्या पायी एक देल्ली. आता ही बी देऊन टाक!"

मी लाथ मारली आणि इंजिन पेटलं. ते बसतील याची मला खात्री नव्हती आणि ते बसले नाहीत तर आपण थांबायचं की नाही, हेही मी ठरवलं नव्हतं. गाडी दाराबाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळले आणि डोलीचं चाक जमिनीवरून सुटलं. बाजूचं सगळं वजनच नाहीसं झालं. जिचा मी वर्षभर हेवा केला, राग केला, तिला शेवटी काय कळलं असेल ते त्या क्षणी मला कळलं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तेवढ्यात अनवाणी पावलं धावत आली, वेत कडकडला आणि चाक धाडकन खाली टेकलं.

ते डोलीत होते. ओलं धोतर, उघडं अंग, दोन्ही हात काठाला घट्ट.

पानाच्या ठेल्यावरून आरोळी आली, "अरे, शालिग्रामची वरात निघाली!" हसण्याचा फवारा उडाला. त्यांनी मान खाली घातली. मी पेट्रोलची कळ पुढे ढकलली आणि ठेला मागे गेला, हसणारेही मागे गेले. गाव संपलं. दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेला कापूस आणि समोर मोकळी वाट. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी नुसती पुढच्या नाल्याची वाट बघत होते.

नाला दिसू लागला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मथुरे," ते म्हणाले, "हळू घे. मी बसेल आहे."

मला राग आला. खरं सांगते, असा राग मला पूर्वी कधी आला नव्हता. जीव मी पणाला लावलेला आणि नाव तिचं? गाडी तिथेच सोडून उतरावं आणि पायी निघून जावं असं वाटलं. पण वळण अंगावर आलं होतं आणि रागवायला हात मोकळे नव्हते. मी वेग कमी केला.

"हो," मी म्हटलं. "घेते हळू."

आणि मी डावीकडे वळले. डोलीचं चाक जमिनीला धरून होतं. नाला उजव्या हाताला राहिला, मग मागे पडला आणि वाट पुन्हा सरळ झाली. काही झालं नाही. कुणी हसलं नाही, कुणी मला धरलं नाही, काही उचललं गेलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. डोलीत वळून त्या वळणाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. तोंड लहान मुलासारखं वेडंवाकडं झालं होतं.

"एवढंच होतं का, सोजर?" त्यांनी विचारलं. "नुसतं बसायचंच होतं?"

लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. मी गाडी थांबवली नाही. इंजिन बंद केलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.